बोरखेडीचं गाळलेलं पाणी

१६ एप्रिल १९६३

मिळाला! मायक्रोस्कोप मिळाला!! सही करताना सरांचा चेहरा असा, जणू पोटची लेक सासरी धाडताहेत. "खेड्यात धूळ असते, शालू." असते ना! अमरावतीत काय अत्तर शिंपडलंय?

उद्या बोरखेडी. मोर्शीच्या रस्त्यावर एस.टी.तून उतरायचं आणि कोसभर चालायचं. आमच्या एम.एस्सी.चा प्रकल्प — नारू, पायातून निघणारा दोऱ्यासारखा जंत. माणसं दोनच, मी आणि चंद्रभान. पण प्रकल्पप्रमुख मी! चंद्रभान आतापासूनच चिडवतो, "काय प्रमुखबाई?" चिडव म्हणावं. अकोल्याला बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं असणार.

१७ एप्रिल

काय दिवस गेला! वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. सगळी आपली माणसं, छप्पनला दीक्षा घेतलेली. नाल्याकाठी दगडी पायऱ्यांचा खड्डा, पिण्याचं पाणी तेच. वरच्या गावाची विहीर वेगळी, तीही पायऱ्यांचीच, पण तिथे आपण पाय ठेवायचा नाही. अजूनही! अरे, त्रेसष्ट साल आहे!

सहदेव म्हणून एक आहेत. त्यांच्या अंगणात बाजेवर फळी टाकून मायक्रोस्कोप मांडला. आरसा उन्हाकडे वळवला, खड्ड्यातला थेंब काचेवर ठेवला. कुणी पुढे येईना. मग सहदेवांची मैना आली. माझ्याच वयाची असेल, नवऱ्याचं घर सोडून बापाकडे परतलेली, भलती धीट. डोळा लावला आणि ओरडलीच, "अवं माय! याले एकच डोळा हाय!" मग जी झुंबड उडाली! चंद्रभान मायक्रोस्कोपला कवटाळून उभा, "हळू, हळू, कॉलेजचा हाय बापा!"

सहदेव बराच वेळ पाहत राहिले. "हे मी रोज पेतो?" हो म्हटलं. "जितं?" जितं. ते उठले आणि तांब्यातलं पाणी अंगणात ओतून आले.

१८ एप्रिल

आज नारूचा सगळा फेरा सांगितला. फोड आलेला माणूस पाणी भरायला पायऱ्या उतरतो, पाय बुडतो, फोडातून नारूची पिल्लं पाण्यात जातात. हा एकडोळ्या किडा ती खातो, आपण किडा पितो. वर्षाने पायातून हातभर दोरा बाहेर! उपाय काय? पाणी कपड्यातून गाळून प्या आणि नारूचा पाय पाण्यात घालू नका. बस्स! सुई नाही, गोळी नाही — कपडा! मला नाचावंसं वाटून राहिलं होतं.

सहदेव किसनरावांकडे सालदार आहेत, म्हणजे सालभराच्या बोलीवर त्यांच्या वावरात राबतात. तीन वर्षं झाली, ऐन पेरणीत नारू निघतो. मग तो काडीवर गुंडाळत महिनाभर बाजेवर. किसनरावांनी सांगून ठेवलंय — हे असंच चाललं तर दुसरा सालदार पाहीन. "बाई, पेरणीले मी उभा राहीन ना?" मी म्हटलं, राहाल! चांगलं छाती ठोकून म्हटलं.

परत येताना एस.टी.त चंद्रभान हळूच म्हणतो, "यंदाचा नारू तर त्याईच्या पायात असनच. मागच्या उन्हाळ्यातला." खरंच की! वर्ष लागतं, हे मीच ओरडून सांगितलं आणि मीच विसरले! असा राग आला स्वतःचा. उत्साहात माझी जीभ डोक्याच्या पुढे पळते.

२० एप्रिल

सांगून आले. यंदाचं वचन नाही, पुढच्या पेरणीचं देते — पण आजपासून एक घोटही न गाळता प्यायचा नाही. सहदेव म्हणाले, "म्हंजे यंदा निघन?" निघेल बहुतेक. मैनाच म्हणाली, "एक साल तं एक साल. नाईतरी काय करून राहिलो आपण?"

२ मे

घरटी दोन हात पांढरं मांजरपाट वाटलं! नवंकोरं! म्हाताऱ्या गालाला लावून पाहत होत्या. घागरीवर कसं बांधायचं ते मैनानं घरोघर दाखवलं. मी तिला 'उपप्रमुख' करून टाकलं. चंद्रभान म्हणतो, "मंग मी कोण?" तू हमाल!

९ मे

काल बुद्धजयंती. वस्तीने मुद्दाम बोलावलं. गेले — आणि पाहते तर काय! वस्तीतली यच्चयावत पोरं पांढऱ्या सदऱ्यात! कडक, नवे, एकाच कापडाचे. रांगेत उभी राहून बुद्धं सरणं म्हणताहेत. आणि घागरी सगळ्या उघड्या!

गाळणं सगळं अंगावर!!

मैना खाली मान घालून म्हणाली, "ताई, जयंतीले पोरं मळक्या कपड्यात कशी उभी करावं?" जयंतीच्या आठवड्यात बौद्धांच्या वस्तीत पांढरं कापड वाटणारी मी! आमच्या घरी आई चार महिने आधीपासून पांढऱ्या लुगड्याचा घोर लावून घेते. दुसऱ्या कुणी वाटलं असतं तर एक वेळ ठीक, पण मी? एवढी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पोरं दिसत मात्र काय होती! एकेक राजकुमार. तेही पाणी येण्याचं एक कारण.

११ मे

युक्ती! बुरडाकडून बांबूच्या कांबीची रिंगणं करून घेतली, घागरीच्या तोंडाएवढी. त्यांवर कापड ताणून शिवून टाकलं. आता शिवा सदरे! चंद्रभान म्हणतो, "डोक्यावर घालून टोप्या करतीन." याला हमालीवरूनही काढते.

३० मे

वरच्या गावात गेलो होतो. चंद्रभानने आणलेल्या त्यांच्या विहिरीच्या पाण्यातही एकडोळ्या पाहिला, म्हणून. किसनरावांनी चंद्रभानला ओसरीवर घेतलं. आडनाव विचारलं, गणगोत निघालं. मग माझं विचारलं. मी सांगितलं. मग मी अंगणातच.

लीलाबाई, म्हणजे किसनरावांच्या पत्नी, चंद्रभानसाठी तांब्या घेऊन आल्या. तो म्हणाला, "तहान नाई मले." उन्हात कावळे चोच वासून बसले होते, आणि याला तहान नाही! बरं वाटलं. बोलणार नाही त्याला, शेफारेल.

किसनराव म्हणाले, "आमच्या पान्याले काय झालं? ते नाल्याचं पाहा तुमी." मी म्हटलं, किडा जात विचारत नाही. ते हसले. पण रिंगण एकही घेतलं नाही.

१९ जून

निघाला. सहदेवांच्या घोट्याला फोड आला आणि फुटला. पेरणी तोंडावर. शेजारपाजारचे माझ्याकडे असे पाहत होते — "गाळून पेलो आमी, मंग काहून निघाला?" दोन घरांनी रिंगणं परसात फेकली. मी पुन्हा बोटांवर महिने मोजून दाखवले. ऐकतंय कोण! रडू आलं, सरळ रडले.

तेवढ्यात मैनानं फेकलेली रिंगणं उचलली, धुतली, ज्याची त्याला नेऊन दिली. "बाईनं एप्रिलातच सांगतलं होतं, यंदा निघन म्हणून. आता पाय कोनी बुडवाचा नाई." बापाचा पाय तिने बाजेला फडक्याने बांधून ठेवला. तो पाण्याकडे जाऊ नये म्हणून! आणि स्वतः किसनरावांकडे गेली — "बाच्या जागी मी येतो." किसनरावांनी ठेवली. पण म्हणाले, हे शेवटचं साल.

५ सप्टेंबर

मैना वस्तीत रोज फिरते म्हणे, कुणाच्या घागरीवर रिंगण नाही ते पाहत. पोरं तिला 'डोळा आली, डोळा आली' म्हणतात.

२२ जानेवारी १९६४

अभ्यास. बोरखेडीला महिन्यातून एकदा. सर म्हणतात, प्रकल्प लिहून काढ आता. काय लिहू? अजून वर्ष कुठे पुरं झालंय!

३ मे

परीक्षा संपली. धावतच बोरखेडी! मागच्या मे महिन्यात नऊ जण बाजेवर होते. आज एकही नाही. एकही!! मी सगळ्यांचे पाय बसवून बसवून पाहिले. एक आजी म्हणाली, "माये पाय कोनं इतके न्याहाळले नवते, लग्नातबी." पण जून जाऊ दे. सहदेवांचा पाय जूनचा असतो.

१२ जून

सहदेवांचा पाय पाहून आले. काही नाही अजून.

२१ जून

उभे आहेत! सहदेव तिफणीमागे उभे आहेत!! मी आणि चंद्रभान बांधावर ओरडत होतो, बैल बुजले. सहदेव म्हणाले, "बाई, आता घरी जा, पेरू द्या मले." वस्तीत या साली नारू नाही. नाही! नाही! नाही! हे मी हजारदा लिहीन.

तिफणीमागे सहदेव, आणि वावराचे मालक मात्र घरी बाजेवर. किसनरावांना निघाला, दोन्ही पायांत. वाईट वाटलं. थोडं कमी वाटलं, खोटं कशाला लिहू?

२७ जून

आज लीलाबाई वस्तीत आल्या. जन्मात पहिल्यांदा. मैनाच्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "घरात तीन मानसं पडली, पोरगाबी पडला. आमच्या बायांले ते गाळनं जमून नाई राहिलं. रोज सकाळी येत जाय, आमचं पेयाचं पानी तू गाळून दे. मागच्या दारानं येजो."

मैना पदराला हात पुसत म्हणाली, "येईन ना बाई. पन समोरच्या दारानं येईन."

लीलाबाई जायला वळल्या. मग म्हणाल्या, "ये."