ग्रोनिंगनमधला पिवळा जिना

रविवार, संध्याकाळ

मेधा गेल्यानंतर आज पहिल्यांदाच लेकीला घेऊन इमारती बघायला गेलो. हे वेड मेधाचं. तिच्याशिवाय मजा येईल का? आणि आली तर बरं दिसेल का? सकाळपासून हेच डोक्यात.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातल्या एका साध्या गल्लीत जुनं विटांचं घर दिसलं. कोपरा गोलाकार, आत पिवळ्या काचेतून उजेड पडलेला जिना. इतका वेळ बघत राहिलो की घरमालक आजोबांनीच आत बोलावलं. मी सवयीने दाराशी बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर! आजोबा गोंधळले, मग त्यांनीही आपले काढले.

"बाबा, देऊळ आहे का हे?" एरवी इंग्रजीत बोलणारी इरा चक्क मराठीत म्हणाली आणि हसत जिन्यावरच बसली. त्या पिवळ्या उजेडात. किती महिन्यांनी हसली असेल?

परतताना ट्रेनमध्ये म्हणालो, "आईला आवडला असता तो जिना." इतके दिवस तिच्यासमोर आईचा विषय टाळत होतो.

"आई असती तर ही ट्रेन चुकली असती," इरा म्हणाली. "ती तिथून हललीच नसती."

खरंच नसती हलली. दोघंही मोठ्याने हसलो.