किनवट कापलं नाही

बाबा, आधी निकाल सांगते, मग बाकीचं. मी किनवट कापलं नाही. कॉलेजचा हॉल हातचा गेला, घरमालकाची मुदत डोक्यावर येऊन बसली, तुमचा लाडका मुलगा आठवडाभर तोंड फुगवून होता, तरी नाही कापलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "कशाले हुज्जत घालतं माय, हो म्हणून टाक ना." म्हणूनच हे तुम्हाला लिहिते आहे. साऱ्या जगाशी हुज्जत घातली, तुमच्याशी घालायची तेवढी राहून गेली.

तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही, कारण हे सगळं तुमच्या माघारी सुरू झालं. शाळेतून निवृत्त झाले आणि मी घरात रेल्वे मांडली. खेळण्यातली म्हणा, मला राग नाही. समोरच्या खोलीत कमरेइतक्या उंचीवर प्लायवूडच्या फळ्या, त्यांच्यावर बोटभर रुंदीचे रूळ, एका टोकाला आदिलाबादचं स्टेशन, दुसऱ्या टोकाला किनवट, मध्ये सागाचं रान. रान भुश्शाचं, इंजिनाचा खालचा सांगाडा विकतचा आणि वरचं अंग पुठ्ठ्याचं. तुम्ही ज्या छोट्या लाइनवर पॉइंटमन म्हणून, सांधे बदलत, जन्म काढलात तीच ही लाइन. खरी केव्हाच उखडली, तिच्या जागी मोठी लाइन आली. छोटी आता फक्त माझ्या खोलीत आहे. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना बसायला जागा उरत नाही, त्या उभ्यानेच वाण घेतात आणि बाहेर जाऊन हसतात. हसू देत.

तुम्ही एकदा हैदराबादहून चावीचं इंजिन आणलं होतं, आठवतं? धाकट्यासाठी. मला रिबिनी. त्याने चार दिवसांत त्याची स्प्रिंग तोडली आणि ते माजघरात टाकून दिलं. मी ते उघडते आहे, आईच्या केसांतल्या आकड्याने आतलं चाक सरळ करते आहे, तेवढ्यात तुम्ही ड्यूटीवरून येता. हातात कंदील, डोक्यावर टोपी. इंजिन नुकतंच चालायला लागलेलं. ते फरशीवरून चालत तुमच्या पायाशी येतं, आणि तुम्ही ते उचलून फळीवर ठेवून देता. "पोरीच्या जातीनं चाकाइले हात लावून काय इंजिन चालवशीन? चूल पाह्य जा." आईने चुलीपुढूनच सुनावलं, "अवो, पोरानं तोडलं, पोरीनं जोडलं, अन् बोलून तिलेच राह्यले?" इंजिन फळीवरच गंजलं. तर बाबा, आज माझ्याकडे इंजिनं आहेत, एक सोडून बरीच आहेत, आणि ती सगळी मी चालवते.

एवढंच नाही, लोक मला विचारायला येतात. मोबाईलवर या नादाच्या माणसांचा एक गट आहे, नांदेडचे, निजामाबादचे, नागपूरचे. फोन करतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, एक अडचण होती." मी म्हणते, सर नाही, मॅडम, अडचण सांगा. गाडी सांध्यावर घसरते, असं कोणी म्हणालं की मी सांगते, रुळाला दोष देण्याआधी डबा उलटा करा आणि दोन चाकांतलं अंतर मोजा, एखादं चाक आत सरकलेलं असणार. लांबच्या टोकाला इंजिन मंदावतं म्हणाले, तर म्हणते, एकाच जागेवरून करंट देऊन भागत नाही, मध्ये दोन-तीन ठिकाणी रुळाला वायरी जोडा. आणि सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, कालपर्यंत चालत होती, आज अडखळते. मी विचारते, घरात कोणी रेल्वेत होतं का? पलीकडचा चकित होतो. "हो मॅडम, वडील होते. तुम्हाला कसं कळलं?" कसं कळणार नाही. रुळाला तेल लावलेलं असतं!

हा घोळ फक्त आपल्या लोकांचा. बापाला सांध्यांना तेल पाजताना पाहत वाढलेली आपण माणसं, रूळ दिसला की हात तेलाच्या बुधलीकडे जातो. मीही तेच केलं होतं. पहिल्या दिवशी मोठ्या भक्तिभावाने सगळे रूळ तेलाने पुसून काढले, तुम्ही करायचात तसे, आणि गाडी जागची हलेना. या छोट्या रुळांतून करंट जातो बाबा. तेलावर धूळ बसते, धुळीने करंट तुटतो. तेल फक्त आतल्या दातेरी चाकांना, तेही सुईच्या टोकावर मावेल इतकंच. रूळ मात्र स्पिरिटच्या फडक्याने कोरडे करायचे. आठवडाभर डोकं खाजवल्यावर मला हे कळलं, आणि कळलं तेव्हा खरं सांगते, आनंद झाला. तुमची एक तरी शिकवण चूक निघाली होती.

दुसरा उपद्रव आपल्या आदिलाबादचाच. दिवाळीनंतर सरकी काढायच्या जिनिंग सुरू झाल्या की कापसाची रुई हवेत तरंगत असते, खिडक्या लावल्या तरी आत येते. ती इंजिनाच्या आसाला गुंडाळत जाते आणि एके दिवशी इंजिन रुसतं. चिमट्याने तंतू तंतू ओढून काढावा लागतो. पुण्याच्या एका गृहस्थांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आमच्याकडे असं होत नाही. मी म्हटलं, तुमच्याकडे कापूस कुठे होतो!

असं सगळं बरं चाललं होतं आणि घरमालकाने सांगितलं, घर पाडून नवं बांधायचं आहे, संक्रांतीच्या आत जागा मोकळी करा. मला काय, एक खाट कुठेही मावेल. रेल्वे कुठे मावणार? भाड्याच्या दोन खोल्या पाहिल्या, एकीत आदिलाबाद बसेना, दुसरीत किनवट. त्याच सुमारास एका कॉलेजातले प्राध्यापक घरी आले. तरुण, नम्र, चप्पल बाहेर काढून आत आलेले. आदिलाबाद जिल्ह्याचे नुकतेच चार तुकडे झाले होते, आणि त्यांना 'आपला जिल्हा' असं कायमचं प्रदर्शन मांडायचं होतं. माझी रेल्वे त्यांनी मोबाईलवर पाहिली होती. मोठा हॉल, कुलूप, पंखे, कायमची जागा. माझे डोळेच भरून आले. मग ते मला हॉल दाखवायला घेऊन गेले आणि तिथे उभं राहून त्यांनी हळूच सांगितलं, एवढं एकच करा. किनवटाकडचा भाग काढा.

मी विचारलं, का?

"मॅडम, किनवट आपलं नाही ना. महाराष्ट्रात आहे. आपलेच चार जिल्हे झाले, ते बसवताना माझी दमछाक होते, त्यात परराज्य कुठून आणू? वरचे लोक विचारतील."

मी म्हटलं, सकाळी नांदेडची गाडी गेली, तिच्यातल्या माणसांना विचारा ते परराज्यात चालले होते की मामाकडे. ते हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी उपायही शोधून आणला होता. म्हणाले, हद्दीवर एक डोंगर करू, गाडी बोगद्यात जाईल, आतल्या आत गिरकी घेऊन परत येईल, पाहणाऱ्याला कळणारही नाही. आता या गिरकीतच नवशिके फसतात. गाडी वळून त्याच रुळावर आली की डावा रूळ उजव्याला येऊन भिडतो आणि करंट शॉर्ट होतो. गिरकीच्या दोन्ही टोकांना रूळ बारीक कापायचे, मधल्या भागाला वेगळी वायर, वेगळं बटण द्यायचं. मला येतं ते. कितीतरी जणांना फोनवर सांगितलं आहे. मी त्यांना तसंच म्हटलं, हे मला येत नाही म्हणून नाही म्हणत नाही, करायचं नाही म्हणून नाही म्हणते आहे.

कारण हे मी एकदा पाहिलं आहे, बाबा. निजामाची रेल्वे गेली, तुमच्या टोपीवरचा बिल्ला बदलला, तेव्हा मी पाळण्यात होते. पण राज्यं नव्याने आखली तेव्हा मला चांगलं कळत होतं. आईचं माहेर किनवटाकडचं. तोवर ते आपल्याच जिल्ह्यात होतं, आणि मग नांदेडात गेलं. मध्ये नदी नाही, डोंगर नाही, तेच रान, तीच लाल माती. आई म्हणाली, "रातभरात मी परमुलखातली झाली का?" तुम्ही म्हणालात, "सायब बदलते. गाडी तेच हाय." आणि त्या दिवसापासून तुम्ही किनवटाला 'तिकडं' म्हणायला लागलात. तिकडचे लोक, तिकडचं लग्न, तिकडं कशाले जातं. सरकारने रेघ कागदावर मारली होती. घरात ती तुम्ही आणलीत. आई पुढे माहेरचं नाव तुमच्यासमोर काढेनाशी झाली. माझ्या फळीवर 'तिकडं' नाही. आदिलाबादहून गाडी सुटते आणि किनवटला पोचते, मध्ये कोणी तिला विचारत नाही.

हॉल गेला. धाकटा चिडून घरी आला, "अक्का, हॉल भेटून राह्यला होता, काऊन लाथ मारली? दोन फळ्या काढल्यानं तुह्यं काय जात होतं?" मी म्हटलं, आईचं माहेर जात होतं. तो तोंड फुगवून निघून गेला, आठवडाभर फिरकला नाही, आणि मग एका सकाळी टेम्पो घेऊन दारात. कापूस बाजाराच्या मागे त्याची शेड आहे, बी-बियाण्याची पोती ठेवायची. अर्धी रिकामी करून ठेवली होती. या नादासाठी त्याहून वाईट जागा साऱ्या जिल्ह्यात नसेल, शेजारी जिनिंगच आहे. रोज सकाळी रुळांवर पांढरा थर असतो. रोज पुसते, रोज आसातली रुई काढते, मग गाडी सोडते. माझी तक्रार नाही.

एक मात्र लिहायचं टाळत आले. राज्यं नव्याने आखली त्याच वर्षी तुम्ही माझं नाव मराठी शाळेतून काढून तेलुगू शाळेत घातलंत. मला विचारलं नाही, आईला विचारलं नाही. "इथं राह्याचं तर इथलं बोला लागंन," एवढंच. वर्षभर मी त्या वर्गात मुकी बसले, पोरी माझ्या उच्चारांची नक्कल करत. तो राग गेला नाही. म्हातारी झाले तरी गेला नाही, आणि तो घालवायचा माझा विचारही नाही.

पण त्या हॉलमधलं सगळं भांडण, नांदेडची गाडी, मामा, बोगदा, करायचं नाही म्हणून नाही, हे सगळं मी तेलुगूत केलं, बाबा. वर मराठीत लिहिलं ते मुद्दाम. एकदाही शब्द अडला नाही. तुम्ही जिवंत असता तर हे मी तुमच्या कानावर कधीच जाऊ दिलं नसतं.