चौथ्या बटणाचे वजन

सोमवार, ता. १४

ज्याच्या कृपेने मुक्या लाकडालाही श्वास फुटतो, त्या परमेश्वरास वंदन करून हे पत्र आरंभितो.

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

येथे सर्व कुशल आहे. थोरली आठवड्यातून दोनदा येऊन जाते. बारीक स्क्रूची खाच आता मला भिंगाविना दिसत नाही, म्हणून कारखान्यात नवे काम घेत नाही. आईची खुर्ची खिडकीपाशीच आहे. आईला शेवटचा निरोप द्यायला तू आलीस आणि माझ्याकडे न पाहता परतलीस. त्याबद्दल तुला बोल लावण्याचा अधिकार मला नाही. का नाही, ते सांगण्यासाठीच लिहितो आहे.

काल तुझी कॉन्सर्टिना, ती हातात धरून वाजवायची भात्याची छोटी पेटी, उघडली.

बटण दाबले की आतली दांडी टेकूवर झुकते, तिचे दुसरे टोक उचलले जाते, त्यासरशी भोकावरची चामडी गादी उठते आणि वारा पत्तीला भिडून सूर निघतो. हे तू माझ्या शेजारी बसून शिकलीस. तरी पुन्हा लिहितो, कारण माझा अपराध त्या टेकूपाशी आहे. टेकू बटणाच्या फार जवळ आला, तर बटण जड होते. तुझी पेटी घडवताना एका दांडीला जागा पुरेना, म्हणून मी टेकू दोन दोऱ्यांच्या जाडीइतका बटणाकडे सरकवला.

गिऱ्हाइकाच्या पेटीच्या प्रत्येक बटणावर आपण लहानशी वाटी ठेवतो आणि तीत शिशाचे छर्रे टाकत जातो. सातव्या छर्ऱ्याला बटण खाली बसले पाहिजे. तुझ्या पेटीची ही परीक्षा मी घेतली नाही. घरच्या पेटीला कसली परीक्षा, म्हणून नुसता अंगठा दाबून पाहिला. आणि माझा अंगठा चाळीस वर्षे राबलेला.

काल वाटी ठेवली. डाव्या हाताची बाकी सगळी बटणे साताला बसली. करंगळीशेजारच्या बोटाचे, चौथे, बाराव्या छर्ऱ्याला हलले.

"बाबा, चौथं जड आहे," असे तू किती वेळा म्हणालीस!

"बटण जड नाही, तुझं चित्त हलकं आहे."

"अहो, पोरीचं बोट दुखतंय. एकदा बघा तरी," आई म्हणे.

"बोट दुखतंय की आळस दुखतोय?"

तू सर्वांपुढे वाजवायला बसलीस, त्या समारंभात चौथ्यापाशीच अडखळलीस. लोक हसले. मी भर सभेत उठून म्हणालो, "बारा वर्षं पाण्यात गेली." तू पेटी खुर्चीवर ठेवलीस, ती पुन्हा उचलली नाहीस.

'काल उघडली' असे वर लिहिले. काल ती दुसऱ्यांदा उघडली. पहिल्यांदा उघडली ती समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तू आतल्या खोलीत सामान बांधत असताना. टेकू कुठे आहे ते तेव्हाच दिसले. मी पेटी मिटली. तू उंबऱ्यात क्षणभर थांबलीस. एका वाक्याचे काम होते. मी म्हणालो, "सांभाळून जा."

सत्याची थोरवी मी उभा जन्म वाचली, दुसऱ्यांना वाचून दाखवली. पण कारागीर म्हणून चुकलो, एवढे तीन शब्द जिभेवर येईनात.

तिच्या शेवटच्या आठवड्यात आईने विचारले, "त्या सकाळी पेटी उघडली होतीत ना?"

"नाही," मी म्हणालो.

"बशीत पेटीच्या झाकणाचे सहा स्क्रू पडले होते. मी मोजले होते." एवढे बोलून तिने खिडकीकडे तोंड फिरवले. त्यानंतर ती माझ्याशी पाणी मागण्यापुरतेच बोलली.

पेटी सोबत पाठवतो आहे. चौथे बटण दुरुस्त केलेले नाही. ते एकदा दाबून पाहा, म्हणजे तुझे बोट निर्दोष होते हे तुझ्याच बोटाला कळेल. कागदाच्या पुडीत नवी दांडी आणि टेकू आहे; तुला बसवता येतात. बसवावेस, असा आग्रह नाही. क्षमा मागतो, तिचाही आग्रह नाही.

तुझ्या हातांना सदैव सुख लाभो.

तुझा अपराधी,
बाबा

हे पत्र ज्या कोणाच्या दृष्टीस पडेल, त्यास आपली चूक समोरचे माणूस उंबऱ्यात उभे असतानाच कबूल करण्याची बुद्धी परमेश्वर देवो.