उसना नेलेला बर्फ परत मिळणेबाबत

दि. १ डिसेंबर

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
हिवाळी क्रीडामहोत्सव यजमानपद कक्ष,
नगरपालिका, वाल्दोरा.

विषय: शर्यतीसाठी राखलेला व आपण उसना नेलेला बर्फ येत्या रविवारच्या शर्यतीपूर्वी परत मिळणेबाबत.
संदर्भ: "बर्फ ही टिकाऊ वस्तू नसल्याने तिची नोंद आढळत नाही" हे आपले दि. २८ नोव्हेंबरचे उत्तर.

महोदय,

मी खाली सही करणार बार्ब्लिना कापाउल, आपल्याच हद्दीतील सुरलाग गावच्या घसरगाडी संघाची चिटणीस, सविनय कळवते की,

१. आमचा संघ दर मार्चमध्ये लाकडाच्या वखारीमागे सावलीत बर्फाचा ढीग रचतो आणि त्यावर हातभर भुसा पसरतो. तो उन्हाळाभर टिकतो. म्हणून डिसेंबरात आभाळाने दगा दिला, तरी चर्चपासून चीजच्या डेअरीपर्यंतची आमची शर्यत चुकत नाही. आपल्या कक्षात टिकाऊ आणखी कशाला म्हणतात, ते कळावे.

२. दि. ११ नोव्हेंबर रोजी आपले कारकून श्री. रेतो घरी आले. यजमानपदासाठी शहरांची तपासणी करणारे परीक्षक येणार, आपल्या उतारावर गवत दिसतेय, वाल्दोराची अब्रू जाईल, असे सांगता सांगता त्यांनी माझा अक्रोडाचा केक निम्मा संपवला. "काकू, दोन दिवसांत परत आणून टाकतो, चमचाभरही कमी भरणार नाही," असे म्हणून पावती दिली. बावीस ट्रक बर्फ गेला.

३. परीक्षक घसरले, खूश झाले, गेले. परंतु ट्रकवाल्यांना दिलेल्या आपल्या हुकमात "पाहुणे गेल्यावर बर्फ उचलावा" एवढेच होते. कुठे टाकावा, हे लिहायचे राहिले. ट्रकवाले घाटापलीकडच्या ग्रेनाऊचे. त्यांनी तो स्वतःच्या गावी नेला. ग्रेनाऊही यजमानपदाच्या चढाओढीत आहे आणि परीक्षक दुसऱ्याच दिवशी तिथे पोचणार होते, हे मी आपणांस सांगायला नको.

४. बर्फाच्या दर्जासाठी वाल्दोराला दहापैकी सात गुण मिळाले, ग्रेनाऊला नऊ. बर्फ तोच. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात ग्रेनाऊच्या उतारावर परीक्षकबाई बर्फात सापडलेला लाल हातमोजा हौसेने दाखवताहेत. तो माझ्या यजमानांचा आहे, मी स्वतः विणलाय. मार्चमध्ये तो हरवला म्हणून मी त्यांना वेंधळे म्हणाले होते. त्याचे आता वाईट वाटते.

५. यजमान श्री. जाखेन, वय ७९, या शर्यतीत एकतीस वर्षे श्री. फ्लुरिन सुतार यांच्या मागे दुसरे येत आहेत. जानेवारीत त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे. त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावलेय. सबब "शर्यत फेब्रुवारीत घ्यावी" हा आपला सल्ला गैरलागू आहे. महिनाभर ते गाडीच्या पट्ट्यांना मेण चोळताहेत, जेवणात लक्ष नाही. काल खिडकीतून कोरडा उतार बघत म्हणाले, "जाऊ दे, फ्लुरिनलाच देऊन टाक कप." हे मला ऐकवले नाही.

६. बर्फ अजून ग्रेनाऊच्या उतारावर असून त्यात आमचाच भुसा आहे. भाची कालच बघून आली. प्रतिस्पर्ध्याकडे मागायला आपणांस कमीपणा वाटेल, हे समजते. तरी तो शनिवार संध्याकाळपर्यंत सुरलाग येथे, वखारीमागे, सावलीत टाकावा. पत्ता या वेळी मुद्दाम लिहीत आहे.

७. केवळ माहितीस्तव: यजमानपदाबाबतचे अंतिम सार्वमतही याच रविवारी आहे. मागच्या खेपेस आपला ठराव अवघ्या नव्वद मतांनी तरला. आमच्या गावात एकशे एकतीस मतदार आहेत. त्याही दिवशी शर्यत असल्याने मत द्यायला कोणालाच सवड झाली नव्हती.

आपली, रविवारपर्यंत नम्र,
बार्ब्लिना कापाउल

सोबत:
१) श्री. रेतो यांच्या सहीची पावती
२) वर्तमानपत्राचे कात्रण
३) भुसा, एक पुडी (ओळख पटवण्यासाठी)
४) लाल हातमोजा, डावा (पाहून लगेच परत करावा, ग्रेनाऊत सापडलेल्या उजव्यासह शर्यतीला लागणार आहे)