सोमवारी सगळं बंद असतं

नागपूर,
२८ मार्च २०२६

प्रिय धम्मा,

सप्रेम जयभीम. इकडे सगळं ठीक. कूलर कालच लावला आणि आजच त्याचा पंप रुसला.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू ‘हो’, ‘बरं’, ‘ठेवतो’ एवढंच बोलतोस, आणि मीही उन्हातान्हाच्याच गोष्टी सांगत बसते.

धंतोलीच्या आमच्या दवाखान्यात दुपारी दोन ते चार पेशंट नसतात. तेवढ्यात काउंटरवर बसल्या बसल्या मी स्पेनमधल्या तुझ्या व्हॅलेन्सियात जेवून येते. फोनमधल्या नकाशात रस्त्यावरून बोटानं चालता येतं ना, तशी. समुद्रापासून निघते. तिथे सदा दुपारच असते, खुर्च्या बाहेर मांडलेल्या, आणि पिवळी पिशवी घेतलेली एक म्हातारी रोज त्याच वळणावर उभी. आता मी तिला मनातल्या मनात नमस्कारही करते.

आधी निळ्या दाराच्या दुकानात कसल्याशा बारक्या कंदांचं गार दूध पिते, सोबत लांबुडका गोड पाव. मग बाजारामागे तळलेली मासळी. मग भात. तिकडे तो भात दुपारीच खातात म्हणे, पसरट कढईतूनच, सगळे मिळून, आणि तळाची खरवड सगळ्यात मोलाची. हे वाचलं आणि आईचं पातेलं आठवलं. खरवडीसाठी तू माझ्या हाताला चावला होतास. वण आहे अजून.

तुझ्या गल्लीत मी शेवटी येते. तुझ्या हॉटेलच्या मागच्या दारात एक माणूस एप्रन बांधून उभा आहे. नकाशावाल्यांनी सगळ्यांचीच तोंडं पुसट केलीत, त्याचंही. पण एका पायावर भार टाकून उभं राहायची ढब तुझीच. तिथं आलं की बोट पुढे सरकत नाही.

धम्मा, कळमेश्वरची नोकरी सोडून तू निघालास, तेव्हा मी म्हणाले होते, “लोकायची उष्टी भांडीच घासाची होती तं इतक्या दूर काहून जाऊन राहिला गा?” तू बॅग उचलत इतकंच म्हणालास, “ताई, मले भूक लागली वं.” आणि मी ड्युटीवर निघून गेले.

नंतर सगळ्यांना सांगितलं, गडबडीत वाढायचं विसरले. विसरले नव्हते. भाताचं पातेलं मी मुद्दाम कपाटात ठेवलं होतं. उपाशी माणूस लांब जात नाही, असं वाटलं होतं मला. तू गेलास. चार वर्षं झाली. माझं चुकलं.

व्हिसा आला आहे. अकरा मेला, सोमवारी पोचते. नकाशावर मी जेवते ती सगळी हॉटेलं सोमवारी बंद असतात, तुझंही. आमच्या दवाखान्यातली वैभवी म्हणाली, “मॅडम, मंगळवारचं तिकीट काढा नं, उपाशी राहाल तिथं.” मी सोमवारचंच काढलं.

तुला त्या दिवशी सुट्टी असेल. तुझ्या खोलीवरच जेवू. साधा भात कर. मी हातपाय धुऊन बसेन, ताट तू वाढ. खरवड अर्धी अर्धी. वाढावंसं वाटलं नाही, तरी मी येणारच. त्या म्हातारीजवळ वळणावर उभी राहीन.

विमानात मी काही खाणार नाही.

तुझी,
उपाशी येणारी
सरिताताई