धडधाकट

यशवंतपूर, बंगळूर
मार्च १९९६

प्रिय ताई,

संधिवातानं तुझी बोटं आखडली, तेव्हापासून आई सांगलीला तुझ्याकडेच आहे. रोज सकाळी ती तुझी वेणी घालते म्हणे. माझी वेणी घालणं तिनं मी दुसरीत असतानाच सोडलं. "तू धडधाकट आहेस, तुझं तू बघ," म्हणाली होती.

तू इथे तपासणीला आलीस, तेव्हा डॉक्टरांना तुलनेसाठी निरोगी बहिणीचं रक्त हवं होतं, म्हणून मी दिलं. काल ते म्हणाले, तुझ्या रक्तात सापडलेला संधिवाताचा घटक माझ्याही रक्तात आहे. आज दुखत नाही, पण पुढे दुखू शकेल.

खरं सांगू? भीतीच्या आधी मला वाटलं, आता आई माझ्याकडे येईल. आज सकाळी लगेच एसटीडी बूथवर गेले.

फोन आईनंच उचलला. "थांब गं, हिची वेणी अर्धी राहिलीय," म्हणून रिसीव्हर बाजूला ठेवला. मला तुझं हसू ऐकू आलं. मी फोन ठेवून दिला.

"लाइन कट आय्ता, अक्का?" लाइन तुटली का, असं बूथवाल्यानं कानडीत विचारलं. मी हो म्हटलं.

आईला काही सांगितलेलं नाही. तिला हात दोनच आहेत, आणि ते तुझ्या केसांत आहेत.

तुझी, अजून तरी धडधाकट,
शैलजा