पाय लागला की नमस्कार

मंगळवार, १४ ऑगस्ट २००१

आज नाचाच्या वर्गात पुन्हा तेच. जोडीनं नाचताना एकीचा पाय दुसरीला लागला की नाच थांबतो. हात आधी तिच्या अंगाला, मग कपाळाला. समकालीन नृत्यात अंगाला अंग लागणारच, हे सांगून माझा घसा बसलाय. शेवटी ओरडलेच, "नमस्कार बंद!"

सुनंदा जागीच उभी राहिली. घरच्या म्हशींचं आवरून मुरगूडहून एसटीनं येते ही. म्हणाली, "बाई, पाय लागणारच की. पण नमस्कार न्हाय केला तर जीव तिथंच अडकून ऱ्हातोय. मग अंग कसं हलंल?"

म्हटलं, कर बाई, पण थांबू नकोस. नाचातच कर.

सुनंदाचा पाय जोडीदारणीच्या खांद्यावरून घसरला, मागोमाग हात खांद्याला, कपाळाला, आणि त्याच ओघात ती जमिनीवर लोळत गेली. एवढी मोकळी मी तिला कधी पाहिली नव्हती. पुण्यात इतकं शिकले, त्यात हे कुठं होतं? केवढं दिलं आज या पोरीनं.

निघताना चपलांच्या गर्दीत माझाच पाय तिला लागला. मी थबकले, हात कपाळाकडं निघाला. सुनंदा हसली, "बाई, थांबायचं न्हाय."